‘चिडचिड’ या एका शब्दाआड : भावना सांभाळायला शिकणाऱ्या दहावीतल्या मुलीचे प्रकरण

पुण्यातील पंधरा वर्षांच्या एका मुलीबरोबर ऑक्टोबर ते मार्च या काळात केलेल्या कामाचा हा वृत्तान्त आहे. मुलीची संमती आणि आईवडिलांची परवानगी घेऊन तो लिहिला असून कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नैराश्याने ग्रासलेल्या किशोरवयीन मुलांना भावनानियमनाची, म्हणजे भावना ओळखून सांभाळण्याची, कौशल्ये शिकवणे हे माझे रोजचे काम आहे, आणि या प्रकरणात मी सुरुवातीला ते चुकीचे केले. भावनेचे नाव चुकले, तर नीट शिकवलेले कौशल्यही मुलाला उलट्या दिशेने नेऊ शकते, हे मला येथे जितके स्पष्ट दिसले तितके आधी कधी दिसले नव्हते. म्हणून चूकही पूर्ण लिहिली आहे.

मुलगी सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीत आई, बाबा, आजी आणि सहावीतल्या धाकट्या भावाबरोबर राहते. बाबा चाकणच्या कारखान्यात पाळीने कामाला जातात आणि आई बँकेत आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, घर मात्र पूर्ण मराठी. आठवीत आणि नववीत ती ढोल-ताशा पथकात ढोल वाजवत असे; यंदा दहावी म्हणून घरच्यांनी पथक बंद केले. गणपती विसर्जनानंतर दोन-तीन आठवड्यांनी आई तिला घेऊन आली, तेव्हा तक्रार एकाच वाक्याची होती : “हिची चिडचिड फार वाढलीय, घरात कुणी काही बोलायची सोय राहिली नाही.” मुलीला विचारले, तेव्हा तिनेही मान खाली घालून तेच सांगितले, “हो, चिडचिड होते.”

चिडचिडीच्या मागे जे होते, ते दोन भेटींत हळूहळू पुढे आले. जूनपासून ती रात्री दोन-अडीचपर्यंत जागी असे, सकाळी उठवत नसे, पुस्तक उघडले की तोच परिच्छेद चार वेळा वाचावा लागे, वजन चार किलो उतरले होते, आणि “मी नसले तरी कुणाचं काही अडणार नाही” हा विचार आठवड्यातून अनेकदा येत असे. तिने दोनदा स्वतःला इजाही करून घेतली होती आणि हे घरात कुणालाच माहीत नव्हते. तुझ्या जिवाशी संबंधित गोष्ट मी आईबाबांपासून लपवणार नाही, हे पहिल्याच भेटीत तिला सांगितलेले असल्यामुळे आता प्रश्न सांगायचे की नाही हा नव्हता, कोणत्या शब्दांत सांगायचे एवढाच होता. ते शब्द आम्ही दोघींनी मिळून ठरवले आणि तिने स्वतः आईला सांगितले. आई बराच वेळ काहीच बोलली नाही. मग तिने मुलीचा हात हातात घेतला आणि तो भेट संपेपर्यंत सोडला नाही.

प्रौढांच्या नैराश्यात उदासपणा दिसतो, तर किशोरवयात त्याच्या जागी चिडखोरपणाच ठळक असू शकतो आणि निदानाच्या निकषांतही तो तसा धरलेला आहे. परंतु घरात आणि शाळेत त्याला ‘वयाचा परिणाम’ किंवा ‘मोबाइलचा परिणाम’ म्हणून सोडून दिले जाते. या मुलीच्या बाबतीतही जून ते सप्टेंबर असे चार महिने त्यात गेले. मानसोपचारतज्ज्ञांनी मध्यम ते तीव्र स्वरूपाच्या नैराश्याचे निदान केले आणि फ्लुओक्सेटिन हे नैराश्यविरोधी औषध कमी मात्रेत सुरू केले. औषध आणि मानसोपचार दोन्ही एकत्र द्यावेत, असे आमचे एकमत झाले. २००४ साली अमेरिकेत १२ ते १७ वयोगटातील ४३९ मुलांवर झालेल्या अभ्यासात, बारा आठवड्यांनंतर औषध आणि बोधात्मक वर्तनोपचार (विचार आणि वागणे बदलायला शिकवणारा मानसोपचार, सीबीटी) दोन्ही मिळालेल्या गटातील ७१ टक्के मुलांना चांगला फरक पडला होता आणि केवळ औषध मिळालेल्या गटात हे प्रमाण सुमारे ६१ टक्के होते.

एक बाब मात्र सतत डोळ्यांसमोर ठेवावी लागली. मुलीच्या सख्ख्या काकांना द्विध्रुवी मनोविकार (बायपोलर, ज्यात मनःस्थिती नैराश्य आणि उन्माद या दोन टोकांकडे जाते) आहे आणि ते अनेक वर्षे उपचार घेत आहेत. अशा घरात नैराश्यविरोधी औषध सुरू करताना मनःस्थिती उलट दिशेला, म्हणजे उन्मादाकडे, उसळत नाही ना हे पाहावे लागते; शिवाय या वयात अशा औषधाच्या पहिल्या काही आठवड्यांत अस्वस्थता आणि आत्मघाताचे विचार वाढू शकतात, म्हणूनही लक्ष ठेवावे लागते. तिसऱ्या आठवड्यात आईचा घाबरून फोन आला की मुलगी चारच तास झोपते आहे. झोप कमी होणे आणि झोपेची गरज कमी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उन्मादात माणूस तीन-चार तास झोपूनही ताजातवाना असतो, भराभर बोलतो, नवनव्या बेतांत असतो. ही मुलगी दुपारी शाळेच्या व्हॅनमध्ये झोपून जात होती आणि रात्री दोनला तिच्या हातात फोन होता. मानसोपचारतज्ज्ञांनी तिला तपासून औषध तसेच ठेवले, आणि फोन रात्री साडेदहानंतर आजीच्या उशाशी ठेवायचे ठरले. आजी हे काम इतक्या निष्ठेने करत की बाबांचाही फोन त्यांच्याकडे जाऊ लागला.

शिकवण्यासाठी मी आधार घेतला तो मार्शा लिनेहान यांनी विकसित केलेल्या डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) या मानसोपचार पद्धतीचा. अॅलेक मिलर आणि जिल रॅथस यांनी किशोरवयीनांसाठी तिला जे रूप दिले, त्यात पालकही मुलांबरोबर कौशल्ये शिकतात. नॉर्वेत ७७ किशोरांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९ आठवड्यांच्या या उपचाराने स्वतःला इजा करण्याचे प्रसंग कमी झाले होते. तेथील उपचारात वैयक्तिक सत्रे होती, कुटुंबांचा एकत्र गट होता, अडचणीच्या वेळी उपचारकाला फोन करता येत होता. माझ्याकडे गट नव्हता. आठवड्याला एक सत्र, पंधरा दिवसांनी पालकांबरोबर एक सत्र आणि ठरलेल्या वेळेतला फोन एवढेच मला शक्य होते, आणि हे मी पालकांना आरंभीच सांगितले.

आता चुकीविषयी. मुलगी इंग्रजी माध्यमाची, म्हणून मी तिला इंग्रजीतले छापील तक्ते दिले. तिने ते उत्तम भरले. भावनेपुढे नाव, तीव्रतेपुढे आकडा, वापरलेल्या कौशल्यापुढे बरोबरची खूण, सगळे सुवाच्य अक्षरात, जणू विज्ञानाच्या प्रयोगवहीत लिहावे तसे. चार आठवड्यांच्या ३१ नोंदींपैकी २३ नोंदींत भावनेच्या रकान्यात ‘राग’ या अर्थाचा एकच इंग्रजी शब्द होता. मीही तो मानला आणि रागासाठी जे शिकवतात ते शिकवले : राग चढू लागला की वाद वाढवू नये, तिथून शांतपणे बाजूला व्हावे, थंड पाण्याने तोंड धुवावे, शरीर निवल्यावर परत यावे. ती म्हणाली, “हो मॅडम, मी बाजूला जाते.” घरून मात्र कळत होते की ती आता दिवसातून तीन-तीन वेळा बाथरूमची कडी लावून बसते.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्यानंतरच्या एका मंगळवारी, रात्री सव्वाआठच्या सुमारास, आईने ओट्यापाशी काम करता करता विचारले, “डबा घासायला टाकलास का गं?” मुलीने दप्तरातून डबा काढून फरशीवर आपटला. झाकण उडाले, भेंडीची भाजी आणि दोन पोळ्या स्वयंपाकघरात पसरल्या आणि ती बाथरूममध्ये जाऊन पाऊण तास बसली. दोन दिवसांनी ती आली, तेव्हा मी तक्ता बाजूला ठेवला, एक कोरा कागद घेतला आणि आम्ही त्या घटनेची साखळी शेवटाकडून सुरुवातीकडे, मराठीत, लिहीत गेलो.

“डबा आपटायच्या आधी काय झालं?”

“आई बोलली.”

“आणि ती बोलायच्या आधी तुझ्या अंगात काय चाललं होतं?”

“पोटात गोळा आला होता.”

“कधीपासून?”

ती थांबली. “व्हॅनमध्ये बसल्यापासून. डबा भरलेला होता ना.”

डबा भरलेला का होता, हे कळायला आणखी वीस मिनिटे लागली. दिवाळीनंतर तिच्या दोन मैत्रिणी मधल्या सुट्टीत दुसऱ्या बाकावर जाऊन बसू लागल्या होत्या. तिला कुणी जा म्हटले नव्हते, ये असेही म्हटले नव्हते. एकटीने डबा उघडला तर सगळ्या वर्गाला दिसेल, म्हणून ती मधली सुट्टी ग्रंथालयाच्या जिन्यात काढत होती. “डबा उघडला असता तर आईला कळलं असतं की मी खाल्लं नाही. मग ती विचारणार, का नाही खाल्लं. मग विचारणार, कुणाबरोबर बसलीस. मग मी काय सांगणार?”

म्हणजे स्वयंपाकघरात जे फुटले तो राग होता, पण व्हॅनपासून जे पोटात होते ती लाज होती. प्रत्येक भावना माणसाला काहीतरी करायला लावते : राग अंगावर धावायला लावतो, भीती पळायला लावते, लाज लपायला लावते. भावना प्रसंगाला धरून नसेल किंवा तिच्या मागे जाण्याने नुकसान होत असेल, तर तिच्या विरुद्ध कृती करावी, असे या पद्धतीत शिकवतात. रागाच्या विरुद्ध कृती म्हणजे हळुवारपणे बाजूला होणे. लाजेच्या विरुद्ध कृती नेमकी उलटी आहे. तिथे लपायचे नसते, मान वर करून माणसांत जायचे असते. मी लाजेने लपू पाहणाऱ्या एका मुलीला सहा आठवडे बाजूला जायला शिकवत होते. तिची लाज तिला जे करायला सांगत होती त्याला माझ्या शिकवण्याने संमती मिळाली होती, आणि बाथरूमच्या कडीत माझाही वाटा होता. हे मी तिला त्याच सत्रात सांगितले. शिकवणाऱ्याने चूक मान्य केल्याने मुलाचा विश्वास डळमळतो, असे काहींना वाटते. माझा अनुभव तसा नाही, आणि या मुलीने तर त्यानंतर पहिल्यांदाच खुर्ची ओढून टेबलाजवळ घेतली.

पुढच्या कौटुंबिक सत्रात, मुलीच्या परवानगीने, डब्याची गोष्ट सर्वांसमोर आली. बाबा म्हणाले, “एवढ्याशा गोष्टीवरून एवढा राग?” त्यावर आजी शांतपणे म्हणाल्या, “अरे, ती रागावली नव्हती, ओशाळली होती. लहानपणीसुद्धा हातून काही सांडलं की आधी हीच ओरडायची.” मुलीने हा शब्द पूर्वी ऐकलेला होता, पण तो आपल्याला लागू पडतो हे तिला नवीन होते. तिने तो एकदा मनाशी म्हटला आणि वहीत लिहून घेतला.

तेथून आम्ही सगळे काम मराठीत आणले. इंग्रजी तिला उत्तम येत होती, तरी आई ओट्यापाशी जे विचारते ते मराठीत, भाऊ जे चिडवतो ते मराठीत आणि मनात स्वतःला जे बोल लावले जातात तेही मराठीत. वहीच्या पहिल्या पानावर घरातल्या सगळ्यांनी मिळून शब्द गोळा केले : वैताग, संताप, रुसवा, हिरमोड, हेवा, धाकधूक, हुरहूर, घुसमट, ओशाळणे, अपराधी वाटणे, उदास, रितं वाटणे. हिरमोड आणि उदासी यांतला फरक तिने स्वतः सांगितला : “हिरमोड कशाचा तरी होतो, उदास असंच असतं.” तीव्रतेसाठी एक ते दहा हे आकडे तिला परीक्षेच्या गुणांसारखे वाटत, म्हणून आम्ही गॅसच्या शेगडीची खूण घेतली : मंद आच, मध्यम आच, मोठी आच. मोठ्या आचेवर असताना विचार तपासण्याचा प्रयत्नच करायचा नाही, आधी शरीर निववायचे. मध्यम आचेवर नाव शोधायचे. मंद आचेवर मनातला विचार कितपत खरा आहे याचा पडताळा घ्यायचा आणि काय करायचे ते ठरवायचे. या क्रमाचा मी फार आग्रह धरते, कारण मोठ्या आचेवर असलेल्या मुलाला “विचार करून बघ” म्हणणे केवळ व्यर्थ नसते, त्याला ते अपमानासारखे लागते.

शरीर निववण्यासाठी थंड पाणी का, हे तिला नीट समजावून दिले. श्वास रोखून चेहरा थंड पाण्यात बुडवला किंवा डोळे आणि गाल यांवर थंड पिशवी धरली, तर शरीराच्या एका उपजत प्रतिक्षेपामुळे हृदयाचे ठोके मंदावतात. हृदयाचा काही विकार किंवा खाण्याचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये; तिचे वजन उतरलेले असल्यामुळे आम्हीही आधी विचारून घेतले. बाथरूम तीच राहिली, पण करार बदलला : कडी लावायची नाही, बादलीत पाणी घ्यायचे, अर्ध्या मिनिटाच्या आत डोके वर काढायचे, असे दोन-तीनदा करायचे आणि दहा मिनिटांत बाहेर येऊन आजीजवळ बसायचे. बोलण्याची सक्ती नाही.

मैत्रिणींच्या बाबतीत पडताळा घेतला, तेव्हा उत्तर पूर्ण दिलासा देणारे निघाले नाही, आणि तसे ते निघेल असा आभास मी कधी निर्माण करत नाही. “सगळ्या मला टाळतात” यातले ‘सगळ्या’ खरे नव्हते. परंतु दोघी दुरावल्या होत्या हे खरे होते, आणि ऑगस्टमध्ये ती त्यांच्यावर एकदा वर्गासमोर ओरडली होती हेही खरे होते. तेव्हा दोन कामे ठरली. मधल्या सुट्टीत जिन्यात न जाता वर्गातच डबा उघडायचा, आणि त्या ओरडण्याबद्दल दोघींची एकेकीशी बोलून माफी मागायची. नेमके शब्द काय वापरायचे, आवाज कसा ठेवायचा, समोरची काहीच बोलली नाही तर काय करायचे, याचा आम्ही सत्रात सात-आठ वेळा सराव केला. एक मैत्रीण दुसऱ्या दिवशी स्वतः तिच्या बाकावर आली. दुसरी आजही बोलत नाही.

आईच्या बाजूने एक वेगळीच अडचण उभी राहिली. आई मनापासून शिकत होती आणि म्हणूनच भांडण पेटले की तीच म्हणू लागली, “वही काढ. आच कुठली आहे सांग. मॅडमनी काय शिकवलंय?” मुलीने एका सत्रात तिला थेट सांगितले, “मॅडमनी शिकवलेलं तू माझ्यावर वापरू नकोस.” हे मी अनेक घरांत पाहिले आहे, कौशल्य पालकाच्या तोंडी आज्ञा झाले की मुलाच्या हातून ते निसटते. आम्ही नियम केला की भांडणाच्या भरात कौशल्याचा शब्द कुणी काढायचा नाही आणि आईने त्या वेळी स्वतःची आच पाहायची. आईने पंधरा दिवस स्वतःची वही लिहिली. तिच्या वहीत राग फारसा नव्हताच. बहुतेक पानांवर ‘धास्ती’ होती : पोरगी पुन्हा काही करून घेईल ही धास्ती, दिरासारखे होईल ही धास्ती. ते वाचल्यावर बाबांनी पहिल्यांदा आपल्या भावाच्या आजाराच्या सुरुवातीच्या दिवसांविषयी घरात मोकळेपणाने बोलायला सुरुवात केली.

आनंद देणाऱ्या आणि ‘मला हे जमते’ असे वाटायला लावणाऱ्या गोष्टी रोजच्या दिवसात पेरणे, हाही भावनानियमनाचाच भाग आहे. तिच्या कपाटात ढोलाचे टिपरू तसेच पडून होते. आजीच्या जुन्या लोडावर संध्याकाळी दहा मिनिटे टिपरू आणि थाप यांचा सराव करायचे ठरले. शेजाऱ्यांना आवाज जात नाही, याची खात्री बाबांनी स्वतः जिन्यात उभे राहून करून घेतली. वाचन, चालणे, चित्रे काढणे असे मी सुचवलेले सगळे पर्याय तिने नम्रपणे करून पाहिले आणि सोडून दिले. लोड मात्र एकही दिवस चुकला नाही.

जानेवारीत पूर्वपरीक्षेचे गुण कळले त्या रात्री तिने पुन्हा एकदा स्वतःला इजा करून घेतली. जखम किरकोळ होती. या वेळी तिने अर्ध्या तासाच्या आत आजीला उठवून सांगितले, आजी रात्रभर तिच्या खोलीत झोपल्या, आणि दुसऱ्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञांनी तिला तपासले. वहीच्या पुठ्ठ्याच्या आत सुरक्षिततेचा आराखडा चिकटवलेला होता : धोक्याच्या खुणा, आधी काय करायचे, कुणाला उठवायचे, आणि शेवटी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही सेवा चोवीस तास विनामूल्य असते आणि तेथे मराठीतून बोलता येते. साखळी लिहिली, तेव्हा दिसले की त्या दिवशी तिने सकाळपासून काही खाल्ले नव्हते, आदली रात्र जागून काढली होती आणि बाबा रात्रपाळीला होते. ओशाळण्याचा शब्द तिने त्या दिवशी वहीत लिहिला होता, पण आच मोठी झालेली तिच्या लक्षात आली नाही. त्यानंतर पाच आठवडे आम्ही नवे काहीही शिकवले नाही. खाणे, झोप, औषधाची वेळ आणि रात्रपाळीच्या दिवसांत संध्याकाळी कोण घरी असेल, एवढेच पाहिले.

किशोरवयीनांसाठीच्या नऊ प्रश्नांच्या नैराश्य प्रश्नावलीत (गुण जितके जास्त तितके नैराश्य तीव्र) सुरुवातीला तिचे १८ गुण होते. फेब्रुवारीअखेर ते ८ होते. वजन निम्मे भरून आले आहे. जानेवारीनंतर इजेचा प्रसंग घडलेला नाही, मरणाचा विचार मात्र महिन्यातून एक-दोनदा अजून येतो आणि ती तो सांगते. बोर्डाची परीक्षा तिने दिली, गणिताच्या पेपरानंतर घरी येऊन दार आपटले आणि दहा मिनिटांनी बाहेर येऊन आईला म्हणाली, “हिरमोड झालाय, आत्ता विचारू नकोस.” आईने विचारले नाही, पोहे पुढे ठेवले.

औषध लक्षणे उतरल्यावरही काही महिने चालू राहील आणि मात्रा मानसोपचारतज्ज्ञच ठरवतील. अकरावीचे कॉलेज नवे असेल, तेथे कोणत्या बाकावर बसायचे याची धाकधूक तिने आत्ताच वहीत लिहून ठेवली आहे. आईबाबांनी यंदा पथकाला होकार दिला आहे. सराव रात्री उशिरापर्यंत चालतात आणि काकांच्या आजाराचा इतिहास पाहता झोपेची वेळ हलणे आम्हाला परवडणारे नाही. तेव्हा जुलैत सराव सुरू होण्याआधी पथकप्रमुखांशी वेळेबाबत कोणी आणि काय बोलायचे, हे पुढच्या सत्राचे पहिले काम आहे. बोलणार ती स्वतःच आहे, त्याचा सराव अजून व्हायचा आहे.